टर्बोचा काटा

३ जून
हे जाऊन दोन महिने झाले, आणि भागवतभाऊजींना यांची गाडी आत्ता दिसायला लागली! आज म्हणाले, "वैनी, टर्बो मेला हाय तिचा. चढावर दम धरत नाही. भंगार ते, मले देऊन टाका." सख्ख्या भावाची गाडी — भंगार! फेब्रुवारीत यांनीच मला चालवायला शिकवलं — "प्रतिमा, हळू!" मला ती अशीच माहीत.

५ जून
गोविंदा मिस्त्री म्हणाला, टर्बो इंजिनात जादा हवा दाबतो, त्याने गाडी उसळी घेते; किती दाब देतो ते बूस्ट गेजवर कळतं. चिखलीत गेले. दुकानदार — "बाई, गाडी कोन चालवते?" मी! रोज शाळेत जाते तिच्यातून. मग रंगीत दिव्यांचं, पेट्रोल गाडीचं महाग गेज पुढे केलं. डिझेलला तीस पौंडांपर्यंतचा साधा काटा पुरतो, सेन्सरवालं नको, नळीवालं स्वस्त — गोविंदाने पढवून पाठवलं होतं. तरी मलाच शिकवतो! न घेता परतले.

६ जून
जाऊबाई: "वर्षसराद व्हायच्या आंधी घरात नवी वस्तू आनते काय कोनी?" गाडी न्यायला मात्र वर्ष थांबायचं नाही!
ठीक. जुनं घेईन.

९ जून
अमडापूरच्या भंगारवाल्याकडून गेज आणलं. काच तडकलेली. गोविंदाने बसवलं. भाऊजी हट्टाने सोबत बसले. चढावर पाय दाबून धरला — काटा शून्यावर. "काय म्हनलं होतं म्या?" आणि हसले. हसले!

१० जून
जुन्या गेजचा काय भरवसा? गोविंदाने नळीला सायकलचा पंप लावला. काटा सरसर वीसवर.
गेज खरं. म्हणजे भाऊजी खरे. संताप आला — यांचाही. नादुरुस्त गाडीत बसवून मला रोज पाठवत होते?

११ जून
गोविंदाने बॉनेट उघडून एकेक नळी तपासली. टर्बोला चालवणारी बारीक नळी मुद्दाम काढलेली. तोंडाला चिकटपट्टी, तिला चिठ्ठी. यांची वायरमनची सवय — सोडलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी. यांचंच अक्षर:
"प्रतिमाचा हात बसला की जोडणे."
गोविंदाने नळी हातात धरली. मग — "जोडू काय, वैनी?"
"जोड."