सारवलेला नदीकाठ

आई, काल आपल्या बोरीला गेले होते. नदीकाठच्या बागेत बसले. पायऱ्यांवर बाया धुणं धूत होत्या. ही बाग झाली कशी, ते त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं, आणि माझा जीव उगाच जळला.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. तू पंचायतीतली एकटी बाई, आणि तुझं काम काय, तर चहा झाला का ते पाहणं. पुरानं काठ कापून नेला होता. पाणी भरायला चिखलाच्या उतारावरून जावं लागे. शेजारची काकू भरल्या दिवसांत तिथंच घागरीसकट घसरली आणि तिचं मूल गेलं. पायऱ्या आणि वर बाग, एवढ्यासाठी पंचायतीनं सरकारकडे अनुदान मागितलं आणि तालुक्याचे बीडीओ साहेब काठ पाहायला येणार असं कळलं. झालं! साहेब येणार म्हणजे घरी पाहुणा येणार. आपल्या लोकांनी उतारावर मुरूम टाकला, नदीचा काठ शेणानं सारवला, त्यावर रांगोळ्या काढल्या. घरोघरच्या अंगणातली फुलझाडं उपटून तिथं रोवली. आपला झेंडू मीच नेऊन लावला होता, मोठ्या हौसेनं.

साहेब आले, खूश झाले. म्हणाले, "काठ तर छानच ठेवलाय तुम्ही. मग हे अनुदान दुसऱ्या गावाला देऊ. त्यांना गरज जास्त आहे."

पाहुण्यापुढे आपलं फाटकं कोण दाखवणार? बाबाही हात जोडून उभे. तेवढ्यात तू मागून पुढे आलीस आणि माझा झेंडू मुळासकट उपटलास.

"साहेब, हे झाडं आज सकाळीच रोवले. सारवलं बी आजच. आम्ही बाया जिथून पाणी भरतो, तिथून उतरून पाहा."

बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "काहून गावाची अब्रू घालवून राह्यली?"

"तिचं लेकरू गेलं तवा कुठं होती अब्रू?" हे मात्र तू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललीस.

साहेब उतरले. चार पावलांत मुरूम सरकला आणि ते चिखलात बसले. कोणी हसलं नाही. उठून त्यांनी तुलाच विचारलं, पायऱ्या कुठून हव्यात.

अनुदान आलं. काम झालं. उद्घाटनाला तुला कोणी बोलावलं नाही आणि बाबा कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोलले नाहीत. मला अजून त्या सगळ्यांचा राग येतो, बाबांचासुद्धा.

काल त्या बायांना मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, माझी आई कोणाला भ्यायली नाही. त्यांना ते आवडलं. पण त्या दिवशी घरी आल्यावर तू चुलीपुढे बसलीस तेव्हा तुला आगकाडी ओढता येत नव्हती. हात इतके थरथरत होते की काड्या मोडत होत्या. शेवटी चूल मी पेटवली.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तू अधिकच मोठी ठरशील, हे कळतं मला. पण तू रागावशील, असं अजूनही वाटतं.