आतलं साउंड कार्ड गेलंय

प्रिय ताई,

माझे कान ठणठणीत आहेत. पत्राची सुरुवात तब्येतीने करावी असं आई शिकवायची, म्हणून आधी तेच लिहिते. गेल्या मंगळवारी तपासून घेतले. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका बंद खोलीत बसवून दोन्ही कानांत बारीक बारीक शिट्ट्या वाजवल्या आणि मी प्रत्येक शिट्टीला बटण दाबलं. बाई म्हणाल्या, या वयात इतके चांगले कान क्वचितच बघायला मिळतात. मग विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही असं सांगितलं कोणी?" मी म्हटलं, घरातल्याच एकीने.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि तू बोलायला लागलीस की माझं काही चालत नाही, हे फ्रॉकात होतो तेव्हापासूनचं आहे. आपल्या घरातली वाटणीच तशी होती, आवाज तुझा आणि कान माझे. तू वक्तृत्वाचे कप आणायचीस आणि मी बाहेरच्या खोलीतून दूध उतू जायच्या बेतात आहे ते ओळखून स्वयंपाकघरात धावायचे. म्हणून तर वाचनालयाने दृष्टिहीन वाचकांसाठी बोलकी पुस्तकं काढायचं ठरवलं, तेव्हा आपली जोडी चपखल बसली. सोळा वर्षं झाली त्याला. तू तिथे जाऊन वाचायचंस आणि मी घरी लॅपटॉपवर ते निवडायचं, तांदळातले खडे निवडावेत तसं: खुर्चीची करकर, पानांची सळसळ, वाक्याआधीचा श्वास, कोरड्या ओठांचा चट्ट आवाज. जिथे निवडून भागणार नाही, तिथे पानाचा आकडा घालून यादी पाठवायची की एवढं पुन्हा वाच.

दोन वर्षांपूर्वीची यादी तुला आठवत असेलच. एकसष्ट ठिकाणं होती. वाक्याच्या शेवटी तुझा आवाज थरथरत होता आणि 'श'ला शिट्टी लागत होती. मी ते लाडीगोडी न लावता लिहिलं होतं, नेहमी लिहायचे तसंच. तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण दहा ओळी पुन्हा वाचायच्या म्हटलं तरी तू आधी माझं डोकं खायचीस. त्याच पंधरवड्यात माझ्या लॅपटॉपच्या झाकणाची बिजागरी तुटली. दुकान तुझ्या वाटेवर आहे म्हणून तू तो आपणहून नेलास आणि आपणहून आणून दिलास. बिजागरी छान बसली होती. मी तुझे आभारही मानले.

त्यानंतर सगळं तोंडावर उशी धरून बोलल्यासारखं ऐकू यायला लागलं. हेडफोन बदलले, तुझेसुद्धा लावून पाहिले, तरी तेच. घाबरून तुला सांगितलं तेव्हा तू माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "अगं, वय झालं आता आपलं." तपासून घेते म्हटलं तर, "कशाला? एकदा कागदावर आलं की गावभर बोभाटा." मी तुझं ऐकलं. एकदा मनाने घेतलं की कानही तसेच वागतात गं. दुकानात मी दोनदोनदा "काय म्हणालात?" विचारायला लागले, टीव्ही मोठा लावून शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली. आणि सगळ्यात लाज कशाची वाटते सांगू? त्याच दिवसांत मला तुझा आवाज सुधारल्यासारखा वाटला. थरथर नाही, शिट्टी नाही. पुढच्या यादीत जेमतेम चार ठिकाणं होती. मी कौतुकाने तुला फोन केला तर तू म्हणालीस, "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतेय ना रोज."

बारीक आवाज ऐकू येईनात म्हणून मी ते वाढवत गेले. एक अख्खं पुस्तक इतकं टोकदार करून पाठवलं की ऐकणाऱ्यांनी कळवलं, कानात सुया टोचतात. वाचनालयाच्या प्रमुख बाई भल्या, त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. मीच काम सोडलं. माझ्या जागी सॉफ्टवेअर आलं आणि तुला ते फार आवडलं. तू म्हणायचीस, ते बिचारं मुकाट्याने काम करतं. निरोपाच्या दिवशी तू माझ्याबद्दल इतकं सुंदर बोललीस की लोक डोळे पुसत होते. मी पहिल्या रांगेत बसले होते, नीट ऐकू यावं म्हणून.

गेल्या महिन्यात तुझ्या भाचीने मला झापलं. ती परगावाहून व्हिडिओ कॉल करते आणि मला तिचं निम्मं कळत नाही. ती म्हणाली, "आई, मोबाईलवर तुला सगळं कळतं, मग लॅपटॉपवरच कसं कळत नाही?" एवढी साधी गोष्ट दोन वर्षांत माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. मी लॅपटॉप घेऊन त्याच दुकानात गेले. दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडलासुद्धा नाही, नुसता ओळखला. "बाई, मागेच सांगितलं होतं की. आतलं साउंड कार्ड गेलंय, बारीक आवाज खातंय ते. बाहेरून एक लावून घ्या. तुमच्या बहिणीला चिठ्ठीपण लिहून दिली होती." मग त्यांनी काडेपेटीएवढी एक डबी काढली, लॅपटॉपच्या कडेला खुपसली, माझे हेडफोन त्या डबीत लावले आणि म्हणाले, काहीतरी वाजवून बघा. माझ्याकडे तुझ्याशिवाय काय असणार? जुनं पुस्तक लावलं. तू पान उलटलंस आणि मला बोट कागदावरून सरकल्याचं ऐकू आलं. मी तिथेच रडायला लागले. आवाज फार मोठा झाला असं वाटून काकांनी तो घाईघाईने कमी केला.

घरी येऊन तीन दिवस मी तुझी बाजू घेऊन स्वतःशीच भांडले. चिठ्ठी हरवली असेल, सांगायचं राहून गेलं असेल, साउंड कार्ड म्हणजे काय हेच तुला कळलं नसेल. पण कान तपासू नकोस हे तू विसरून नाही म्हणालीस. आणि त्या गुळण्या, ताई. त्यांचं काय करू? तू माझा घात केलास, हा शब्द मी चार वेळा खोडून पाचव्यांदा तसाच ठेवला आहे. परक्याने केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. पण मी माझ्या कानांसाठी रडत होते तेव्हा तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस, आणि त्या हाताचा मला खरंच आधार वाटला होता.

आता हे का लिहिते ते सांगते. जी जाडजूड कादंबरी वाचायला मिळावी म्हणून तू इतकी वर्षं थांबलीस, तिचं तुझं ध्वनिमुद्रण, माझे कान ठणठणीत असल्याचं मी कळवल्यावर, प्रमुख बाईंनी माझ्याकडे पाठवलं. बाहेर देण्याआधी ऐकून लेखी मत द्या, बहीण आहे म्हणून नको असेल तर राहू द्या, असं त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं नाही. नवं कार्ड लावून चार दिवस ऐकलं. थरथर पानोपानी आहे आणि ती पुसता पुसता सॉफ्टवेअरने शब्दांचे शेवटही पुसून टाकलेत. मूळ ध्वनिमुद्रण कोणी ठेवलेलं नाही, त्यामुळे आता मलाही त्यात काही करता येत नाही. हे देण्यासारखं नाही असं लिहून मी खाली सही केली. गुरुवारी तुला वाचनालयाचं पत्र मिळेल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, कारण सही माझी आहे आणि मी ती लपवणार नाही. पण ती एकसष्ट ठिकाणं मी तुला वाचनातून काढून टाकायला लिहिली नव्हती गं. थरथर कुठे सुरू होते ते मला कळलं होतं. तुला दुपारऐवजी सकाळी वाचायला बसवायचं, लांब वाक्य दोन दमांत घ्यायचं, एका ठिकाणचा चांगला शेवट उचलून दुसरीकडे जोडायचा, असं सगळं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. कोणाला पत्ता लागला नसता. अजून पाच-सात वर्षं मी तुझा आवाज सहज चालवला असता. तो कुठे तुटतो हे ऐकू येणारी मी एकटीच होते, आणि तू मलाच बहिरी केलंस.

तुझीच,
धाकटी