इलेक्ट्रॉनवर उणे तीन

३ जून
उणे तीन! इलेक्ट्रॉनवरचा भार उणे तीन! एकतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, असलं उत्तर एकाही पोरानं दिलं नाही. कॉम्प्युटर बिघडलाय.

राजवाड्यामागच्या ट्यूशन सेंटरला फिजिक्स शिकवायला माणूस हवाय. जागा एकच. तारानं अर्ज केला — माझ्या बायकोनं! लग्नाआधीची बीएस्सी, चाळीस वर्षं ट्रंकेत. "एकदा तरी फळ्यासमोर उभं राहायचंय हो." परीक्षा कॉम्प्युटरवर, कॅल्क्युलेटरही त्यातलाच. म्हणून शिकवायला बसलो.

४ जून
चूक तारानं काढली. मी वहीत लिहितो तसंच टाइप केलं होतं — 1.6x10-19. "त्याला घात कुठं कळतो? त्यानं सोळा केले, त्यातून एकोणीस काढले." दहा नको, गुणिले नको, मध्ये नुसता e. 1.6e-19.
म्हटलं, मला माहीत होतं.

५ जून
सवयीनं e च्या आधी गुणिले दाबलं. उणे चौदा पूर्णांक पासष्ट! त्याला तो गणितातला e, म्हणजे २.७१८ वाटला. "गुणिले नको म्हटलं ना!" — तीनदा म्हणाली. कोण कुणाला शिकवतंय?

७ जून
पडसं. अभ्यास नाही. बरं झालं.

९ जून
लहान m म्हणजे मिली, मोठा M म्हणजे मेगा. मी सगळं मोठ्या लिपीतच टाइप करतो, डोळ्यांना बरं. पाच मिलीअँपिअरचा इवला दिवा — त्यातून पन्नास लाख अँपिअर!
"अय्यो! पार तिरुवैयारू गावापर्यंत सगळं जळालं!" तारा हसून हसून खाली बसली. मग कोइंबतूरला कविताला फोन. मुलगी हसली. जावईही हसला — त्याला तर मराठी येतही नाही!

१४ जून
परीक्षा झाली. तारा सकाळच्या तुकडीत. घरी येऊन म्हणाली, सोपी होती.
सोपी!

२० जून
निकाल. तारा पहिली. सोमवारपासून शिकवायला जाणार.

दुपारच्या तुकडीत मीही बसलो होतो. हे इथंही लिहिलं नव्हतं. यादीत नाव नाही.

आत्ता तारानं कॉफी आणून ठेवली. जाता जाता म्हणाली, "तुमच्या अर्जावरचा फोटो निघाला होता. मीच चिकटवून दिला."