धूर जायच्या आत

बुलांग डोंगर,
पाणी उडवायचा सण होऊन बरेच दिवस झाले

प्रिय युकांग,

तुझी पुडी पोचली. शेजारच्या आयवांगने ती मेंगहाईच्या बाजारातून आणली, आणि आणली कशी, तर मिरच्यांच्या पोत्यावर ठेवून. केस पिकले पण अक्कल काही आली नाही. चहाला शेजारचा वास लागतो हे आता मी त्याला शिकवायचं का? बरं झालं, तू बांबूच्या सोपटात दुहेरी गुंडाळली होतीस. गाठ बघितली आणि ओळखलं, तुझीच. भाताच्या खोऱ्यातली माणसं पेंढी बांधतात तशी. इतकी वर्षं या डोंगरावर राहिलीस, पण आमच्यासारखी गाठ काही मारायला शिकली नाहीस.

निरोपही मिळाला. व्यापाऱ्याने तुमचा चहा हुंगून पोतं बाजूला सारलं म्हणे. तुझ्या आताच्या सासूबाईंनी चूल पाडून नवी बांधली, तुझ्या नवऱ्याने, सानपाने, धुराडं उंच केलं, लाकूड तर मागच्या वर्षीपासून वाळवलेलं, आणि तरी पानाला धूर येतोच. 'आई, तुम्ही पिऊन खरं सांगा, धूर कुठून येतो?' असं तू विचारलंयस. दुसऱ्या खुडणीपर्यंत हे सुटलं नाही तर चहा परतायची कढई तुझ्या जावेच्या हातात जाणार आणि तू टोपली घेऊन पानं खुडायला झाडावर. ते मला कळतं गं. एक नवरा खाऊन आलेली, असं म्हणणारी तोंडं सगळ्या गावांत असतात. तिथे ती बंद आहेत ती तुझ्या हातातल्या कढईमुळे. कढई गेली की ती उघडायला किती वेळ लागतो?

तू म्हणशील, आई, कागद कशाला, फोनवर बोलून पाठवायचं. अगं, तो फोन तुमच्या स्वयंपाकघरात वाजणार आणि अख्खं घर ऐकणार. शिवाय माझ्या आवाजाचा मला भरवसा नाही. चार इयत्ता शिकले आहे, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असलं तरी वाचता येईल. उत्तराला उशीर झाला. का झाला ते सांगायला मला थोडा वेळ लागेल, तेव्हा डुकरांना घालून, भात चढवून, मग वाचायला बस.

व्यापाऱ्यांसाठी आणलेली ती झाकणाची पांढरी वाटी मी काढली. एरवी मला माझी काळी किटली बरी, मूठभर पानं टाकली की झालं. पण खरं सांगा म्हणालीस, तेव्हा नीट बघायला हवं. पहिलं पाणी ओतून टाकलं. झाकण उचलून नाकाशी नेलं. आधी मधासारखा वास आला, आणि त्याच्यामागून धूर. चांगला ठसठशीत. म्हटलं, व्यापारी उगाच नाक मुरडत नव्हता.

मग प्यायले. तुमच्या बाजूचा चहा आमच्यासारखा नाही बाई. आमचा कडू जिभेवर चढून बसतो आणि उतरायचं नाव घेत नाही. तुमचा आधी पाहुण्यासारखा भिडस्त, मग हळूच तुरट, हिरड्या आवळून घेतो. महिन्याभराचा चहा म्हणजे पोरच ते, रडणारच. मी तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि घशातून तो धूर पुन्हा वर आला. माझा हात वाटीवरच राहिला. किटलीतलं पाणी उतू गेलं तेव्हा उठले.

धुराधुरांत फरक असतो. लाकूडच ओलं असलं तर पानाला पहिल्यापासून काजळी लागते, पाणी गढूळ होतं. पान करपलं तर वाटीच्या तळाशी काळे कण येतात. तुझ्या पाण्यात कण नाही, काजळी नाही, पिवळंधमक स्वच्छ पाणी. पान अगदी छान परतलेलं. आणि सगळं नीट झाल्यावर, शेवटी शेवटी, धूर आत येऊन बसलाय. असा धूर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याला मीच जन्म दिला होता.

तुला आठवतं ना, आयखाम कढईपाशी कुणाला फिरकू द्यायचा नाही ते? विस्तव सारायलासुद्धा माणूस नको. मी म्हणायची, मी बसते चुलीच्या तोंडाशी, तू हात चालव. तर म्हणायचा, 'आई, तू बसलीस की तोंडही चालवतेस, माझं पान बिथरतं.' मेल्याला उत्तरं सुचायची मोठी. तुला मात्र जवळ उभं केलं. मी आतून ऐकायची, 'अगं हात घाल, कढई काय चावते? भात लावणाऱ्या बायका नुसत्या चिखलातच शूर!' आणि तू चिडून दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचीस. माझं मनगट गेल्यापासून या घरात कढई त्याची होती, आणि तुला जे काही येतं ते सगळं त्याने शिकवलेलं आहे.

धुरावरून आमचं रोज वाजायचं. मी वाटी खाली आपटायची, 'पुन्हा धूर!' तो दात काढून म्हणायचा, 'चार पावसाळे ठेव, आपोआप जातो.' मी म्हणायची, 'तोवर मी राहिले तर!' राहिले की गं. मीच राहिले.

ज्या दिवशी तो मोटारसायकलसकट खालच्या वळणावर दरीत गेला, त्या सकाळीही मी हेच बोलले होते. तुझ्या हाताला कधी शिस्त लागणार, असं. तो नुसता हसला, पोतं मागे बांधलं आणि निघाला. हे तुला माहीत आहे, तू अंगणातच होतीस. त्यावर तू मला कधी एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं वाटलं असतं.

त्याच पानांवर तिसरं पाणी घातलं तेव्हा आयवांग आला. चहाचा वास आला की तो येतोच, सांगावं लागत नाही. वाटी तोंडाला लावली आणि म्हणाला, 'शी! हा काय चहा आहे का डुकराचा भाजलेला कान? फेकून दे.' मी त्याच्या हातातून वाटी काढून घेतली. 'अगं, पिऊ तरी दे पुरता!' म्हणाला. मी म्हटलं, 'धूर आहे ना? मग नको पिऊस. घरी जा, बायकोच्या हातचं पी.' बिचारा उठून गेला. जिन्यावर जाऊन पुन्हा वळून बघत होता की हिला झालं काय.

झालं हेच, की आयखामचं काहीच घरात नाही. सदरे आहेत, पण सदऱ्यांना आता पेटीचा वास येतो. त्याच्या हातचा चहा तर त्याच्या मौतीलाच संपला. पाच गावची माणसं आली होती, भिक्खू आले होते, आणि घरात होता नव्हता तेवढा चहा मी स्वतः मुठी भरभरून किटलीत टाकत होते. लोक चांगला आहे म्हणून पीत होते, धुराबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. एक मूठ बाजूला ठेवावी, हे ना मला सुचलं ना तुला. पुढे कितीतरी दिवस मी डब्यांची झाकणं उघडून बघत होते. तू बघायचीस आणि भात कालवायला बसायचीस.

चौथं पाणी, पाचवं पाणी. धूर पातळ होत चालला. तो तसा होणारच, धूर काही पानाचा नसतो. माझ्या लक्षात आलं की मी पाणी घाईघाईने काढतेय. घातलं की लगेच ओततेय, म्हणजे पानातून कमी उतरेल, म्हणजे तो जरा जास्त पुरेल. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीचं डोकं फिरलं. सहाव्याला फक्त गिळल्यावर आला. मग नुसता रिकाम्या वाटीच्या तळाशी. मग मी मोजायचं विसरले.

तू गेलीस त्या दिवशीचं आठवत होते. सानपाच्या घरची माणसं खाली रस्त्यावर थांबली होती. तू दारात येऊन म्हणालीस, 'आई, येते मी.' आणि मी चुलीकडे तोंड करून बसले होते. भाताला बघत होते म्हणे मी! भात केव्हाच झाला होता. दोन वर्षं तू नवऱ्याशिवाय या घरात राबलीस, माझं मनगट चोळलंस, आणि मला मान वळवता आली नाही. तुझ्यावर राग होता का? होता. तू जगायला निघालीस याचा राग होता. केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात तुझ्यासाठी मी पहाटेच बांधून ठेवला होता, तो तसाच राहिला. दुपारी आयवांगने खाल्ला.

शेवटी शेवटी पाणी अगदी फिकं झालं. धुराचा मागमूस नाही, तुरटपणा गेला, आणि गोड लागायला लागलं. उसाच्या कांड्याला तोंड लावल्यासारखं, जिभेखालून पाणी सुटणारं. किटली पुन्हा भरून चढवली तरी ते संपेना. ही गोडी नुसत्या झाडाची नव्हे. पान न दुखावता मळलं, वेळेवर उन्हात टाकलं, तरच ती इतकी लांब टिकते. आयखामचा चहा इतक्या पाण्यांपर्यंत कधीच टिकला नाही. त्याचा हात जोरकस, पानं फाटायची. तुझा हात त्याच्यापेक्षा चांगला आहे, युकांग. तो असता तर त्याने हे कबूल केलं नसतं, म्हणून मी सांगते. तुझ्या सासूबाईंनाही वाचून दाखव हवं तर, पण एवढाच परिच्छेद.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. पानं मऊ पडली, आच कमी करायची वेळ आली, की तू काय करतेस? दोन्ही हात कढईत अडकलेले, म्हणून बाजूला ठेवलेला ओला ओंडका पायाने चुलीच्या तोंडात सारतेस. डाव्या पायाने. बरोबर? मला इथून दिसतंय. आग दबते खरी, पण ती दबताना धूर ओकते, तोंडातून ओकते, धुराडं कितीही उंच असलं तरी. आणि ऐन त्या वेळी पान इतकं मऊ असतं की मिळेल ते पिऊन घेतं. आयखामला चुलीपाशी माणूस चालायचा नाही, म्हणून त्याने ही युक्ती काढली होती. तुला वाटलं, चहा असाच करतात. तर तसं करू नकोस. सानपाला चुलीच्या तोंडाशी बसव, तू हाक मारलीस की त्याने जळती लाकडं बाहेर ओढायची आणि राख लोटायची. एवढंच. एकाच कढईत फरक कळेल. कुणी विचारलं तर म्हण, लाकडात दोष होता. ओंडका कुणाकडून शिकलीस ते त्या घरात कळायची गरज नाही. हा कागद चुलीत टाक, कोरडा आहे, धूर होणार नाही.

इतके दिवस मी हे लिहिलं नाही, कारण तू ओंडका सारायचं सोडलंस की आयखामचा हात या जगातून गेला. तुझ्या पायात तो अजून होता, तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, गप्प बसावं. मला काही कळत नाही असं लिहावं, आणि दर वर्षी अशी एक पुडी येत राहावी. मग डोळ्यांपुढे तू जावेच्या हाताखाली टोपली घेऊन उभी दिसलीस, आणि मी कागद मागवला. पुढच्या खुडणीचा चहा पाठव, धूर नसलेला. मी पिईन, आणि चांगला झालाय असं सांगेन, खोटं नाही सांगणार. नाहीतर स्वतःच ये, सानपालाही आण, या वेळी मी दाराकडे तोंड करून बसेन. उरलेली पुडी बघून आयवांग म्हणतो, आता कशाला पितेस, कच्चा चहा मातीच्या मडक्यात ठेव, चार पावसाळ्यांत सगळा धूर निघून जाईल. मी मडकं काढलेलं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत मी ही पुडी पिऊन संपवणार आहे.

अजूनही तुझीच,
आई