पेन्सिलीची रेघ

वूच, मंगळवार, १५ मार्च १९९४

प्रिय लुत्का,

पुढचं वाचण्याआधी ओलेकच्या हातावरची जेलीची पट्टी काढ. भाजलेल्या जागेभोवती लाली पसरली आहे का, वास येतो का, अंग तापलं आहे का, ते बघ. यातलं काही नसलं तरी त्याला आजच दवाखान्यात ने. उरलेल्या पट्ट्या वापरू नकोस.

आमच्याकडे शनिवारपासून कोणी कोणाशी धड बोलत नाही. पट्ट्यांचं द्रावण चपट्या खोक्यांत बंद करून आम्ही इलेक्ट्रॉन किरणांखालून नेतो. त्यानं ते गोठतं आणि त्यातले जंतूही मरतात. पण एका फेरीत किरण तळापर्यंत पुरेसे पोचत नाहीत, म्हणून खोकं उलटं करून पुन्हा न्यावं लागतं. शुक्रवारी दुसऱ्या फेरीनंतर मोजणीत एक खोकं कमी भरलं. उलटवायचं काम झेनॉनचं. तो हल्ली मध्येच सिगरेट ओढायला जातो, तेव्हा संशय त्याच्यावरच. शनिवारी मी त्याला कपाट उघडायला लावलं. आत बायकोनं बांधून दिलेला पाव आणि काकडी. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. काकडी कशात गुंडाळली आहे तेही मी बघितलं.

काल सकाळी पुन्हा विचारलं तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, "बाई, उलटवल्याशिवाय मी कोपऱ्यावर पेन्सिलीची रेघ मारत नाही. तुम्ही साहेबलोक नुसता लाल ठिपका बघता." बाकीचे हसले. खोक्यावरचा पिवळा ठिपका पहिल्याच फेरीत लाल होतो, त्यावर विसंबू नका, हे नव्या माणसांना मीच शिकवते.

शुक्रवारी तू फाटकाशी ओलेकला घेऊन उभी होतीस. बस सुटायला वीस मिनिटं होती. मी धावत आत गेले आणि टेबलावरचं पहिलं खोकं उचललं. ठिपका लाल होता. कोपरा बघितला नाही.

हे माझ्या लक्षात काल सकाळीच आलं, तो बोलत असतानाच. पण झेनॉनविरुद्धचा अहवाल तोवर वर गेला होता, त्याखाली माझी सही होती, आणि कालची तुमच्याकडची बस मी जाऊ दिली. आज हे पत्र चालकाच्या हाती देऊन वर जाते आहे, सगळं सांगायला. ओलेकच्या हातावर ती पट्टी एक दिवस जास्त राहिली, ती माझ्यामुळे.

तुझीच,
मिर्का