सोमवारची फूटपट्टी

दि. ६ नोव्हेंबर, गुरुवार.

आज दुकान दहाला उघडलं. चार गिऱ्हाइकं आली. एकाच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता, दोघांचा नंबर काढला. चौथ्या आजोबांनी तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली, पण तक्त्यावरचा दिवा मी अजून लावलाच नव्हता. दुपारनंतर कोणी फिरकलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

ती. आत्यास नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मागे फोनवर तू म्हणालीस, "गुडघा ठीक आहे, माणसंच धड नाहीत." त्यावरून तब्येत चांगली असावी असं धरून चालतो. इकडे सगळे बरे आहोत. अण्णांना जाऊन तीन महिने झाले. वहिनी अजून सकाळी त्यांचा कप काढते आणि परत ठेवते. मी पाहिलं नाही असं दाखवतो.

पत्राला कारण विशेष काही नाही. दादाची हकीकत कळवावी, एवढंच. तो आता एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि या महिन्याच्या एकोणतीस तारखेला त्याची बॉक्सिंगची लढत ठरते आहे. समोरचा तेवीस वर्षांचा आहे. दादा त्याला "बाळ" म्हणतो. मी बाळाचा फोटो पाहिला. बाळाचे खांदे आपल्या कपाटाएवढे आहेत. मागच्या लढतीत दादा जिंकला हे तू पेपरात वाचलं असशील, पण त्यानंतर महिनाभर तो चहा कपाच्या बाजूला ओतत होता, हे पेपरात आलं नाही. (वहिनी बशी मोठी घ्यायला लागली.)

दादाने केव्हा थांबायचं याचा नियम अण्णांनीच घालून दिला होता, हे तुला माहीत आहे. दर सोमवारी सकाळी क्लबात अण्णा स्टुलावर उभे राहायचे, हातात फूटपट्टी उभी टांगून धरायचे. दादा खाली अंगठा आणि बोट उघडं ठेवून वाट बघायचा. अण्णा पट्टी सोडणार, दादा पकडणार. जिथे पकडली तो आकडा खडूने दाराच्या मागच्या बाजूला. वीस सेंटीमीटरच्या आत असेल तर त्या आठवड्याचा सराव सुरू. लागोपाठ तीन वेळा वीसच्या वर गेली, तर हातमोजे खुंटीला. हे दादाने बाविसाव्या वर्षी स्वतःच्या हाताने दारावर लिहून खाली सही केली होती. (बाविसाव्या वर्षी माणूस कशाखालीही सही करतो.)

अण्णा गेल्यावर पट्टी कोणी हातात घेतली नाही. मग लढतीचा कागद आला. दादा म्हणाला, "पट्टीशिवाय मी सही करणार नाही. तू सोड." मी स्टुलावर चढलो, पट्टी धरली, सोडली. ती फरशीवर पडली. पुन्हा सोडली, अठ्ठावीस. पुन्हा सोडली, फरशी. दादा माझ्याकडे बघत राहिला. "तुझा हात थरथरतो," म्हणाला. मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो, हात थरथरला असता तर निम्मं गाव आंधळं झालं असतं, पण मी पट्टी उचलून त्याच्या हातात दिली. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

मग त्याने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं आणि पट्टी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "अहो, गॅस तरी बंद करू द्या," आणि गॅसकडे वळता वळता तिच्या हातून पट्टी सुटली. ती दादाच्या पायावर पडली. ही खेप धरायची नाही, असं ठरलं. शेजारचे शास्त्राचे निवृत्त सर बोलावले. त्यांनी आधी पडणाऱ्या वस्तूंवर वीस मिनिटं सांगितलं आणि सांगण्याच्या भरात उदाहरण म्हणून पट्टी सोडून दिली. तीही धरायची नाही. मग पट्टीवरच संशय आला. दादाने नवी आणली. ती गुळगुळीत निघाली. शेवटी तो माझ्या दुकानात आला आणि दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची माझी पट्टी मागू लागला. ती जेमतेम पंधरा सेंटीमीटरची. मी म्हटलं, "दादा, ही वीसच्या वर जाणारच नाही." तो म्हणाला, "तेच तर!" बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, टाळ्या वाजवायच्या की नाही ते त्यांना कळेना.

शेवटी क्लबातला मालिशवाला पुढे आला. गेली कित्येक वर्षं दर सोमवारी तो तिथे हजर असायचा. नकला करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तो म्हणाला, "चॅम्पियन, तुम्हाला अण्णांच्या हाताची सवय. मी अगदी अण्णा होतो." स्टुलावर चढला, चष्मा कपाळावर सरकवला, डावा हात कमरेवर ठेवला, घसा खाकरला आणि पट्टी सोडली. सोळा! दादाने आम्हा दोघांना उचलून फिरवलं. पुन्हा केलं, सोळा. पुन्हा केलं, साडेसोळा.

आत्या, माझा धंदा असा आहे की तक्ता पाठ करून आलेला माणूस मला ओळखावा लागतो. तो डोळे बारीक करत नाही. दादाने डोळे बारीक केले नव्हते. तो पट्टीकडे बघतच नव्हता. मी मालिशवाल्याला बाजूला घेऊन म्हटलं, आता सगळं तसंच कर, फक्त खाकरू नकोस. पट्टी फरशीवर पडली. दादा म्हणाला, "तू त्याला काहीतरी सांगून बिघडवलंस."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दाराच्या मागचे आकडे वाचले. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते चढत गेलेत. सतरा, अठरा, साडेअठरा. मग वीस. मग साडेवीस. आणि त्यानंतरच्या सोमवारपासून एकदम सतरा, आणि शेवटपर्यंत सतराच. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, खोकला आहे का, कधी होता का? मी, दादा, वहिनी, तिघांनीही नाही सांगितलं. घरी अण्णा कधी साधं खाकरलेही नाहीत. फक्त सोमवारी सकाळी, स्टुलावर.

तू म्हणशील, माझा भाऊ असं करणार नाही. मीही तेच म्हणालो. पंचाने दादाच्या बाजूने एक गुण जास्त दिला म्हणून या माणसाने पंचाशी भांडण करून तो परत घ्यायला लावला होता. पण दारावरचे आकडे त्यांच्याच अक्षरात आहेत.

असो. बाकी क्षेम आहे. काळजी करू नये. प्रवास लांबचा आहे आणि तुझा गुडघा तसा, तेव्हा यायची अजिबात गरज नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाचा.

ता. क. तू येच. लढतीचा कागद परत घ्यायची मुदत वीस तारखेपर्यंत आहे. तुला काही बोलायला नको, समजावायला नको. फक्त स्टुलावर चढून पट्टी सोडायची. (मालिशवाला तुला धरेल.) आम्ही लहान असताना कॅरममध्ये तू आम्हाला एकदाही जिंकू दिलं नाहीस. मी सहा वर्षांचा होतो, तापात होतो, तरी नाही. ते मी विसरलेलो नाही आणि सध्या त्याचाच भरवसा आहे.

ता. क. दुसरं. वरती एक गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे लिहिली नाही. परवाच्या सोमवारी मालिशवाला आला नाही. दादाने पट्टी माझ्याकडे दिली. स्टुलावरून त्याचं डोकं वरून दिसतं, मधोमध विरळ झालंय. मी खाकरलो. सोळा आली. मग त्याने सही केली.

ता. क. तिसरं. हे पाकिटात घालत होतो तेवढ्यात दादा दुकानात आला. समोरच्या खुर्चीत बसला. पत्रावरचं तुझं नाव पाहिलं. म्हणाला, "सोमवारी तू किती घाण खाकरलास रे. अण्णांना निदान जमायचं तरी." मी पाकीट खाली ठेवलं. तो म्हणाला, "ते पहिल्यांदा खाकरले तेव्हाच कळलं होतं मला. पण मी थांबलो असतो, तर त्यांनी सोमवारी उठून जायचं कुठे?" मग बराच वेळ चष्म्यांच्या फ्रेमा फिरवत बसला. एक घालून आरशात पाहिलंही. मी विचारलं, मग आता? म्हणाला, "मला आपणहून नाही जमणार. हात लगेच मोज्यात जातात. तू तर खाकरणारच. आत्याला बोलाव. ती नाही खाकरणार." जाताना म्हणाला, तिला लिही, अठरा तारखेच्या आधी यायला जमलं तर बरं, मुदतीच्या तोंडावर नको.

तो गेला. उद्या सकाळी द्यायचा एक चष्मा राहिलाय. त्याची डावी काच अजून घासून बसवायची आहे, तेवढी बसवतो.