बावीस मिनिटे गप्प बसल्यामुळे गेलेला सासूबाईंचा परवाना परत मिळणेबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी (लहान विमाने),
हवाई परवाना कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक चार (बहुधा बंद).

विषय : अर्जदाराच्या सासूबाई उड्डाणात झोपल्या नव्हत्या, याबाबत.

संदर्भ : १) आपले निलंबनाचे पत्र, दि. ३ ऑक्टोबर. २) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. त्यांची पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार व्यवसायाने दातांची डॉक्टर आहे. आठवड्यातले दोन दिवस ती डोंगरापलीकडच्या गावी दवाखाना चालवते. रस्त्याने सहा तास लागतात, विमानाने पन्नास मिनिटे. विमान घरचेच आहे: पिवळे, एका इंजिनाचे, चार माणसांचे, आणि वयाने अर्जदाराच्या संसारापेक्षा मोठे. अडचण एवढीच की डोंगरावर वर्षातले निम्मे दिवस ढग ठाण मांडून असतात. ढगात शिरायचे तर बाहेर न बघता, नुसत्या समोरच्या काट्यांवर नजर ठेवून विमान चालवण्याची वेगळी परवानगी लागते. ती अर्जदाराकडे परवापरवापर्यंत नव्हती. त्यामुळे ढग आला की दवाखान्याला कुलूप, आणि पलीकडे कोणीतरी गाल धरून बसलेले.

२. सदर परवानगीच्या परीक्षेत अर्जदार तीन वेळा नापास झाली. लपवण्यात अर्थ नाही, मैदानावर सगळ्यांना ते तोंडपाठ आहे. ढगात चोहीकडे पांढरे झाले की माणसाचा कान धडधडीत खोटे बोलू लागतो. विमान सरळ चाललेले असते आणि कान छातीठोकपणे सांगतो, अगं, डावीकडे कलंडलीस! अशा वेळी कानाचे ऐकायचे नाही, काट्याचे ऐकायचे, एवढीच काय ती विद्या. पहिल्या परीक्षेत अर्जदाराने कानाचे ऐकले व तपासनीस साहेबांचा चहाचा थर्मास छताला जाऊन आदळला. दुसऱ्या वेळी तिने दोन्ही हात सोडून खुर्ची गच्च धरली. तिसऱ्या वेळी ढगात शिरायलाच नकार देऊन त्याला असा काही वळसा घातला की परीक्षा भलत्याच मैदानावर संपली आणि साहेबांना बसने घरी जावे लागले. तेव्हापासून साहेबांचा अर्जदारावर राग आहे. तो रास्त आहे.

३. आता सासूबाईंविषयी. वय सदुसष्ट. एकेचाळीस वर्षे उडतात, पैकी सदतीस वर्षे काट्यांवर, ढगात, धुक्यात, एकदा गारांत. अंगावर ओरखडा नाही, विमानावर एक आहे, तोही अर्जदाराने गाडी मागे घेताना पाडलेला. सासूबाई बोलतात. हे वाक्य एवढेच ठेवले आहे, कारण पुढचे लिहायला सरकारी कागद पुरणार नाही. विमान सुरू करताना बोलतात, उडताना बोलतात, उतरल्यावर काय काय बोलायचे राहून गेले ते बोलतात. "कान डूल घालायला दिलेत, विमान उडवायला नाही," हे अर्जदाराने गेल्या चार वर्षांत रोज ऐकले आहे, कधी कधी जेवताना.

४. स्वच्छ हवेत सराव करताना शिकणाऱ्याच्या डोक्यावर पुढे लांब झापड असलेली टोपी चढवतात. घाण्याच्या बैलाची असते तशीच. तिच्याखालून फक्त काटे दिसतात, बाकी जग बंद. बाहेर बघायला शेजारी दुसरा परवानाधारक बसवावा लागतो व त्याचे काम एकच, डोळे उघडे ठेवणे. अर्जदाराच्या शेजारी हे काम सासूबाई करतात. टोपीखाली अर्जदार विमान असे चालवते की मांडीवरची पेन्सिल हलत नाही. कारण टोपीच्या बाहेर ऊन आहे, हे तिला ठाऊक असते. दिवसाकाठी वीस जणांच्या तोंडात हात घालणारी बाई ढगाला घाबरते यावर मैदानावर पुष्कळ विनोद झाले, त्यांतले निम्मे सासूबाईंनी केले.

५. दि. १२ सप्टेंबर रोजी अर्जदार व सासूबाई सरावासाठी उडाल्या. निघताना लख्ख ऊन होते. सकाळी घरात डब्यांची झाकणे कोणी अदलाबदल केली यावरून थोडी बोलाचाली झाली होती. विसाव्या मिनिटाला सासूबाई बोलायच्या थांबल्या. विमान किंचित हिंदकळू लागले, टोपीखालचा उजेड मळकट झाला. उन्हाचा पडदा ओढला असेल आणि झाकणांवरून रुसवा धरला असेल, असे अर्जदाराला वाटले. इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच लाभत होती. त्या आनंदात तिने बावीस मिनिटे उंचीचा काटा जागचा हलू दिला नाही. मग सासूबाईंनी गुडघ्यावर दोनदा थोपटले. टोपी काढ, अशी ती ठरलेली खूण. टोपी काढली तर समोर धावपट्टी, चारशे फुटांवर, आणि डोक्याला लागेल असे राखाडी छत. अर्जदाराने विमान उतरवले व आभाळ भरायच्या आत पोचलो म्हणून देवाचे आभार मानले.

६. खाली तपासनीस साहेब नवा थर्मास घेऊन उभे होते. विमान कोण चालवत होते, असे त्यांनी विचारले. मी, असे अर्जदाराने सांगितले. ढगात कशी शिरलात, असे त्यांनी विचारले. कसला ढग, असे अर्जदाराने विचारले. साहेबांनी बोटाने पंख दाखवला. धावपट्टी कोरडी ठणठणीत होती आणि पंखांवरून पाणी निथळत होते. अर्जदार चाकाला टेकून खाली बसली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माझा डोळा लागला होता." साहेबांनी ते तिथल्या तिथे लिहून घेतले, व पुढे आपण.

७. या प्रकरणात अर्जदाराकडून एक गाढवपणा घडला. ती सरावासाठी हेडफोनमधले बोलणे रेकॉर्ड करते. आपण किती नीट उडवले हे दाखवावे म्हणून तिने ते रेकॉर्डिंग स्वतः होऊन आपल्या कार्यालयात दिले. हात दाखवून अवलक्षण! त्यात बावीस मिनिटे सासूबाईंचा आवाज नाही, यावरून चौकशीत त्या गाढ झोपल्या होत्या हे सिद्ध झाले. छापील फॉर्मवर "जागे / झोपलेले" यांपैकी एक खोडायचे होते. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने "जागे" खोडले आणि हूं की चूं न करता एकेचाळीस वर्षांचा परवाना खिडकी क्रमांक चारमधून आत सरकवला. अर्जदाराने मागील दोन अर्जांत "या वयात डोळा लागायचाच" असा युक्तिवाद केला होता. तो मागे घेण्यात येत आहे.

८. परवाना गेल्यापासून सासूबाई घरी आहेत. अर्जदाराच्या घरी. कपडे धुण्याचे यंत्र सुरू करण्याआधी त्या त्याला चारही बाजूंनी फेरी मारून तपासतात. मोटार वळवताना मागच्या सीटवरून वेग आणि दिशा सांगतात. जावई असते तर पळून गेले असते. अर्जदाराचे पती मुलगाच असल्याने गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात. हे सर्व सोसता येईल, पण आभाळ भरून आले की सासूबाई खिडकीशी जाऊन बसतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. ते मात्र घरात कोणालाच सोसत नाही.

९. दि. ६ नोव्हेंबर रोजी अर्जदार चौथ्यांदा परीक्षेला बसली. डोंगरावर ढग खच्चून भरले होते. शेजारी तेच साहेब, थर्मास दोन्ही हातांत. ढगात शिरताच कान म्हणाला, कलंडलीस. अर्जदार कानाला म्हणाली, गप रे, मी यातून एकदा एकटी आले आहे, शेजारचं माणूस झोपलेलं असताना. काटे सरळ होते, म्हणून विमान सरळ होते. ती पास झाली. साहेबांनी उतरताना झाकणात अर्धा कप चहा ओतून दिला, याची नोंद घ्यावी. घरी ही बातमी सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी झोपले ते बरंच झालं."

१०. दुसऱ्या दिवशी निकालाची नोंद करायला अर्जदार मैदानावरच्या नोंदवहीवाल्या काकांकडे गेली. पाने मागे चाळताना दि. ११ सप्टेंबरच्या संध्याकाळची एक नोंद दिसली. अक्षर सासूबाईंचे. उद्याचे उड्डाण काट्यांवर. मुख्य वैमानिक : स्वतः. अपेक्षित ढग : विसाव्या मिनिटापासून, जाडजूड. न जमल्यास उतरायचे दुसरे मैदान, इंधन, सगळे बिनचूक. म्हणजे ते उड्डाण पहिल्यापासून शेवटपर्यंत कायदेशीर होते, व शेजारी झापडवाली सून बसवून त्या तिला ठरवून ढगात घेऊन गेल्या होत्या. शेवटच्या रकान्यात लिहिले होते, "शेरा : सुनेला सांगू नये." काका म्हणाले, शेरा होता म्हणून सांगितलं नाही, आणि चौकशीला मला कोणी बोलावलंच नाही. या पानाची प्रत आपल्या शिक्क्यासह १५ सप्टेंबरपासून आपल्याच कार्यालयात आहे. चौकशी "नोंद नसलेली उड्डाणे" या गठ्ठ्यात चालली आणि हे पान "नोंद असलेली उड्डाणे" या गठ्ठ्यात होते. दोन्ही गठ्ठे एकाच टेबलावर आहेत, अर्जदाराने खिडकीतून पाहिले आहेत. काखेत कळसा, गावाला वळसा.

११. त्यानंतर अर्जदाराने ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले. विमानाला दोन टाक्या आहेत व अर्ध्या तासाने खटका फिरवून टाकी बदलावी लागते. अर्जदार टोपीखाली ते साफ विसरली होती. तिसाव्या मिनिटाला खटका वाजल्याचे स्वच्छ ऐकू येते. झोपेत माणूस कूस बदलतो, टाकी बदलत नाही. शिवाय दर दोन मिनिटांनी कागद चुरगळल्याचा आवाज आहे. सासूबाईंच्या बाजूच्या कप्प्यात खोकल्याच्या गोळ्यांचे अकरा कागद सापडले. त्यांना खोकला नाही. तोंड बंद ठेवायला काहीतरी हवे होते.

१२. एक शब्द बोलल्या असत्या तर अर्जदाराने टोपी काढली असती, पांढरे पाहिले असते आणि खुर्ची धरली असती. म्हणून बोलल्या नाहीत. आणि खाली उतरल्यावर वहीतले पान दाखवले असते तर परवाना वाचला असता, पण सुनेला कळले असते की शेजारी कोणीतरी जागे होते. म्हणून तेही दाखवले नाही. सुनेला आपण एकटीने आणले असे वाटावे, एवढ्यासाठी या बाईने एकेचाळीस वर्षे देऊन टाकली आणि वर झोपाळू म्हणवून घेतले. अर्जदाराला सासूबाईंचा फार अभिमान वाटतो. हे घरी तोंडावर बोलायची सोय नाही, त्या बोलूच देत नाहीत, म्हणून आपल्याला लिहीत आहे.

१३. सबब विनंती की, सासूबाईंचा परवाना विनाविलंब परत करावा. मात्र कारण देताना नोंदवहीचा उल्लेख कृपया करू नये. "फेरतपासणीअंती घोरण्याचा पुरावा आढळला नाही" एवढे पुरेल, किंवा आपल्याकडे नेहमीचे जे असेल ते. सूनबाई एकटी आली असे सूनबाईला वाटते, असे सासूबाईंना वाटते, आणि ते तसेच वाटत राहावे अशी अर्जदाराची इच्छा आहे. येत्या मंगळवारी डोंगरावर ढग आहेत. उजवीकडची खुर्ची रिकामी ठेवली आहे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र व सासूबाईंच्याच घरात राहणारी,

(सही)
अर्जदार, दातांची डॉक्टर
दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१) नोंदवहीच्या पानाची प्रत (दुसरी. पहिली आपल्याकडे आहे, डावीकडचा गठ्ठा).
२) रेकॉर्डिंग, बावीस मिनिटे. आवाज मोठा करून ऐकावे.
३) गोळ्यांचे कागद, नग अकरा.

शेरा : सासूबाईंना सांगू नये.